उजवा कौल

नर्सने पांढरी चादर पायांवर पसरली आणि हौसाबाईने सवयीने डावा पाय ओढून घेतला. काही झालं नाही. तरी गेल्या दीड वर्षात पायाला कुणी हात लावतो म्हटलं की ती आधीच अंग चोरायची.

मालवणच्या बाजारात तीस वर्षं मासे विकलेली बाई ती. शिंगाळा माशाचा काटा तळहातातून आरपार गेला, तेव्हाही तिने हूं की चूं केलं नव्हतं. पण उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी सून आकांक्षा हलक्या हाताने पाय चेपायला बसली, तर हौसाबाई अशी किंचाळली की सगळा वॉर्ड गोळा झाला. सुनेचा हात तिने फटकन उडवून लावला. वेदना थांबवायची इंजेक्शनं वाढत गेली तशी आग वाढतच गेली.

घरी आल्यावर तिने तिच्या वाडीतली कुठलीही बाई करील तेच केलं. देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं. दाजी गुरवाने पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. सुनेच्या हातात दोष असेल तर उजवा कौल दे, असं तिने मागितलं, आणि उजवीकडची कळी टपकन पडली. देवानेच सांगितल्यावर बोलणं खुंटलं. पायाला हात लावू नकोस, एवढंच ती सुनेला म्हणाली. कारण काही सांगितलं नाही.

आज डाव्या गुडघ्याची पाळी होती. भूल देणारी डॉक्टर रिशेल वेंगुर्ल्याची, हौसाबाईच्या सुनेच्या वयाची. जुनी फाईल वाचून तिने खोदून खोदून विचारलं. चादर लागली तरी झोंबायचं का, सुनेचा हातही सोसत नव्हता का. मग तिने समजावलं की वेदना मारायच्या त्या जहाल औषधाचं काही जणांत असं उलटं होतं. दुखणं मारता मारता तेच अंगातल्या शिरा हुळहुळ्या करून ठेवतं. या वेळी ते अगदी बेताने द्यायचं आणि जोडीला गुंगीचं औषध थेंब थेंब सोडायचं, म्हणजे शिरा शांत राहतील.

"हात लागलो म्हणान दुखला नाय, मावशी," रिशेल म्हणाली. "औषधानच दुखणा वाढवल्यान."

मग कौल कसा उजवा पडला, हे हौसाबाईला विचारायचं होतं. पण थेंब सुरू झाले होते.

धड झोपही नाही, धड जागही नाही. भरतीचं पाणी मासळी बाजारात शिरलं होतं, कोमट, पोटऱ्यांपर्यंत. कुणी भाव ओरडत नव्हतं. सुरमया टोपल्यांतून उठून आपापल्या वाटेने निघाल्या होत्या. दाजी गुरव होडीतून हळूहळू पलीकडे जात होता. कौल परत लाव, असं ती त्याला सांगत होती, पण आवाजाऐवजी तोंडातून कळ्या पडत होत्या आणि पाण्यावर तरंगत जात होत्या. डाव्या म्हणजे कुठल्या नि उजव्या कुठल्या, काही कळेना. दूर कुठेतरी हातोडीची ठकठक चालली होती. पाण्याखाली कुणीतरी तिचे पाय चेपत होतं. किती बरं वाटत होतं.

डोळे उघडले तेव्हा दुपार कलली होती. पायांशी कुणी नव्हतं. आकांक्षा स्टूल मागे सरकवून, हात पदराखाली घेऊन बसली होती.

"तुझ्या हाताचो मी कौल लावलंय, गो," हौसाबाई म्हणाली. गुंगीत जीभ सैल झाली होती.

"ठावक आसा." आकांक्षा खाली बघत होती. "दाजींनी तेवाच सांगल्यानी. म्हणान बाळाक पण मी तेल लावणंय नाय."

आठ महिन्यांच्या नातवाला रोज सकाळी शेजारची भक्ती येऊन न्हाऊ घालायची. सून आळशी आहे, असं हौसाबाईनेच वाडीभर करून ठेवलं होतं. पोटच्या पोराला हात लावायला ही पोर भीत होती. हौसाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिशेलने सांगितलेलं सगळं तिने अडखळत, दोनदा सुनेला सांगितलं. आकांक्षाने ऐकून घेतलं, पण हात पदराखालीच राहिले.

संध्याकाळी थेंबांची नळी काढली. हळूहळू दुखणं जागं झालं. चादर मात्र झोंबत नव्हती. हे साधंच दुखणं होतं, हाड कापल्यावर कुणालाही व्हावं तसं.

"पाय चेप गो माझो," हौसाबाई म्हणाली.

"खयचो?"

"डावो."

आकांक्षाने पदराखालून हात बाहेर काढले. मग तिने स्टूल पुढे ओढलं आणि पंजा तिच्या पायाच्या तळव्यावर ठेवला. गुडघ्यातून कळ उठली ती थेट कमरेत गेली. हौसाबाईने चादरीखाली मूठ आवळली.

"दुखता काय, आये?"

"नाय गो," हौसाबाई म्हणाली. "जोरान चेप."