आगळाचं भांडं

लिलाव कंपनीच्या माणसाने भांड्यात छोटी बॅटरी धरली, आतून बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिला. स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या कुबराची तिथेच पाचावर धारण बसली.

भांडं वीतभर उंच, दुधी दगडाचं, मधाच्या रंगाच्या रेघांचं. इजिप्तमधलं, चार हजार वर्षांपूर्वीचं. घरमालक इब्राहीमबाबांनी लग्नाच्या वर्षी कैरोच्या दुकानातून रीतसर पावती घेऊन ते बायकोसाठी आणलेलं. आता बायको जाऊन वर्ष झालं होतं, सौदीतल्या ताइफचं हे मोठं घर आवरायला काढलं होतं, आणि भांडं लंडनच्या लिलावात जायचं होतं.

कुबरा या घरची स्वयंपाकीण, तिचा नवरा नसरुद्दीन ड्रायव्हर. चहा देऊन तो बाहेर आला तो चेहरा पाडूनच.

“काय म्हणतो?”

“आतून खाल्लंय म्हणतो. हा दगड आंबटाने विरघळतो म्हणे. लालही झालाय. लिलावात घेणार नाहीत.”

अकरा वर्षं त्या भांड्यात कुबराचं आगळ होतं, खारवलेला कोकमाचा रस. सासूबाई दर उन्हाळ्यात रत्नागिरीहून कुणा ना कुणाबरोबर बाटल्या पाठवत. आंबट पितळेत ठेवायचं नाही, दगडीत ठेवायचं, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक. दगडाला काय होतंय? गेल्या महिन्यात बाबांनी भांडं शोधायला सांगितलं, तेव्हा तिने आगळ बाटल्यांत ओतलं, भांडं घासूनपुसून नेऊन दिलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

“पण मला मामांनीच दिलेलं ना ते,” ती म्हणाली. इथे मालकिणीला मामा म्हणतात. पहिलं वर्षभर तिला त्याचं हसू यायचं. मग आईला मारावी तशी ती हाक जिभेवर बसली.

“ते बोलू नको. गेलेल्या माणसावर ढकलतेय असं वाटेल. कोठीत पडून खराब झालं म्हणू.”

“अकरा वर्षं अन्न खाल्लंय त्यांचं. मला नाही खोटं बोलवत.”

“मग एक्झिटचा शिक्का मारून पाठवतील घरी. तू आणि तुझं आगळ.”

“पाठवू देत.”

पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर गेली तशी ती ओढणी सारखी करून आत गेली. बाबा भांडं समोर घेऊन बसले होते. आपल्या मोडक्या अरबीत तिने एका दमात सांगून टाकलं.

“बाबा, चूक माझी. त्यात आंबट मी ठेवत होते. माशाच्या कालवणात घालते ना, ते.”

बाबांनी चष्मा वर सरकवला.

“म्हणजे हा दगड अकरा वर्षं मीच खातोय?”

कुबराला हसावं की रडावं कळेना.

“यातच ठेवायचं, हे कुणी सुचवलं तुला?”

दारात नसरुद्दीन उगाच खाकरला.

“कुबरा, तुला विचारतोय.”

“मामांनी,” ती शेवटी म्हणाली. “अल्लाशपथ, बाबा. मी म्हटलं, इतकं देखणं भांडं, शोभेला राहू दे. तर म्हणाल्या, तुझ्याकडे सगळ्यात आंबट काय असेल ते यात घाल. काठोकाठ घाल. आणि बाबांना सांगू नको.”

“कधीची गोष्ट?”

“मी आले त्याच वर्षी. शहाण्णवला, रमजानच्या आधी.”

बाबांना आठवलं. त्या रमजानच्या आधी जेद्दाच्या एका व्यापाऱ्याला भांडं विकायचा शब्द त्यांनी देऊन टाकला होता. बायको तीन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. चौथ्या दिवशी गोड आवाजात म्हणाली होती, कुठे ठेवलंय आठवत नाही बाई, सापडलं की खुशाल विका. त्यांनी ते खरं मानलं होतं.

“ती मुलींच्या शाळेत काय शिकवायची, ठाऊक आहे तुला?”

“नाही, बाबा.”

“केमिस्ट्री. अठ्ठावीस वर्षं.”

कुबराला चटकन कळलं नाही. दारातल्या नसरुद्दीनला कळलं, आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. बाबांनी भांडं उचलून मांडीवर घेतलं.

“हे सांगताना ती हसत होती का गं?”

“खूप, बाबा. माझ्या खांद्याला धरून हसत होत्या.”