लाखेनं बुजवलेली चीर

कामठ्यात सुमित्राबाईंची काठवट मागायला जायचं म्हणजे आधी त्यांचा उपदेश पदरात बांधून घ्यायचा. शिवणीच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली ती काठवट एवढी मोठी, की मालगुजाराच्या घरच्या लग्नातही कणीक तिच्यातच मळली जाई. बाई तिला जिवापाड जपत, यात खोटं नाही. पाण्यात भिजत घालायची नाही, राखेनं घासायची नाही. ओल्या फडक्यानं पुसून, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल जिरवून सावलीत ठेवायची. गुंडाळायचा हातमागाचा जाड पंचा रिठ्याच्या पाण्यातच धुवायचा आणि पिळायचा नाही. एखादीनं काठवट कोरडी परत केली, की विहिरीवर चार बायकांत तिचा उद्धार ठरलेला. जिला काठवट सांभाळता येत नाही तिला घर काय सांभाळता येणार, हे बाईंचं वाक्य आता गावाच्याच तोंडी बसलं होतं.

त्या चैत्रात तेल लावायला म्हणून बाईंनी काठवट अंगणात काढली. शेजारीण आली, गप्पा रंगल्या आणि काठवट दुपारभर उन्हात तापत राहिली. संध्याकाळी पाहतात तो तळाला वीतभर चीर. त्यांनी दार लोटून लाख वितळवली, चीर बुजवली आणि वरून तेलात कालवलेलं पीठ चोळलं.

दोनच दिवसांनी सुखवंता आली. तिच्या लेकीचं, गोमतीचं लग्न होतं, सुवाऱ्यांच्या, म्हणजे पुऱ्यांच्या कणकेला काठवट हवी होती. नाही म्हणायला बाईंना सतरा सबबी होत्या. पण मनात आलं, लग्नघरची मणभर कणीक, रेटून मळणारे हात. चीर उघडायची तर तिथंच उघडेल आणि दोषही तिथल्यांनाच लागेल. हे मनात आलं याची त्यांना लाज वाटली, तरी काठवट त्यांनी दिली. उपदेश तेवढा या वेळी केला नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुखवंता परत आली. तिनं पंच्यात गुंडाळलेली काठवट ओसरीवर ठेवली आणि शेजारी दुसरी, कोरी करकरीत.

"काकी, तुमची काठवट आमच्या हातानं तडकली," ती खाली मान घालून म्हणाली. "हे गोमतीची ठेवा. माह्या भावानं कोरून देल्ली. तिले मंग देईन दुसरी."

वरातीची गाडी जुंपून राहिली होती, म्हणून ती लगेच गेलीही. बाईंनी पंचा उलगडला. तो रिठ्यानं धुतलेला होता, एक डाग नव्हता, पिळल्याची एक सुरकुती नव्हती. तडकलेल्या काठवटीलासुद्धा तेल लावलेलं होतं, आणि रिकामं भांडं परत करू नये म्हणून आत पसाभर तांदूळ. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नवी काठवट डोक्यावर घेऊन त्या तशाच निघाल्या.

गाडी वेशीपाशी उभी होती. वऱ्हाडी होते, अर्धं गाव होतं. बाईंनी काठवट गोमतीच्या पायाशी गाडीत ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माही काठवट माह्याच अंगणात तडकली होती. मी लाख भरून देल्ली."

विहिरीवर जिचा जिचा उद्धार झाला होता, त्या सगळ्या समोरच होत्या. सुखवंता बाईंजवळ आली.

"कणीक जमुनाबाईनं मळली होती," ती हळूच म्हणाली. जमुनाबाई तिची विधवा नणंद. गोमतीला लहानाचं मोठं तिनंच केलं होतं. "जिले काठवट सांभाळता येत नाई तिले घर का सांभाळता येते, असं मी तिले वऱ्हाडापुढं बोलली, काकी. जमुनाबाई पहाटेच निंगून गेली. पोरीले वाटेले लावाले बी थांबली नाई."

जमुना दूरच्या नात्यातल्या दिराकडे गेली होती, दोन कोसांवर. बाई घरी आल्या. विळ्याच्या टोकानं त्यांनी उरलीसुरली लाख खरवडून काढली आणि तडकलेली काठवट पंचा न गुंडाळता, उघडीच डोक्यावर घेतली. विहिरीवर एकीनं विचारलं, कोणं तडकवली म्हणून.

"म्या," बाई म्हणाल्या आणि जमुनाच्या वाटेनं चालू लागल्या. गोमतीची गाडी दुसऱ्या वाटेनं केव्हाच निघून गेली होती.