तिसरं कोटेशन

थोरल्याने पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं खरेदी खातं सांभाळलं आणि त्या एकतीस वर्षांत तीन दुकानांची कोटेशनं हातात आल्याशिवाय साधा खिळासुद्धा विकत घेतला नाही. कारखान्यातले लोक पाठीमागे त्याला ‘तीन कोटेशन’ म्हणायचे. ते त्याच्या कानावर होतं आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. माणसाला स्वतःच्या खोडीचा अभिमान वाटायला लागला की घरच्यांनी सावध व्हावं, पण घरचे कुठले सावध होतात!

धाकटा अगदी उलट. जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवला, हातात आलं ते उडवलं आणि एकदा तर रंग मारलेली भंगार मोटारसायकल नवी समजून घरी घेऊन आला. तेव्हापासून त्याची मोठी खरेदी थोरल्याने करायची असं ठरून गेलं होतं. मग त्याचे डोळे बिघडले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग लायसन गेलं आणि मागेपुढे कोणी नाही म्हणून तो भावाकडे राहायला आला. डॉक्टरांनी थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मधलं साधारण वर्षभर दिसत राहील, पुढचं देवाला ठाऊक.

थोरल्याचा मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यापासून त्याचा आठ वर्षांचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत पडून होता. त्याने फोनवरून काकाला ट्रक चालवायचा एक गेम लावून दिला आणि धाकट्याला जणू नोकरी परत मिळाली. नाक मॉनिटरला टेकेल इतकं जवळ बसून तो सकाळपासून माल पोहोचवायचा. पण सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी घाटात शिरली की चित्र अडकायचं, इंजिनाचा आवाज तुटायचा आणि चित्र पुन्हा हलेपर्यंत गाडी दरीत गेलेली असायची. मुलगा म्हणाला, मशीन बरं आहे, फक्त एक स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड बसवा.

“दादा, तेवढं कार्ड आणतोस का?” धाकटा म्हणाला. “दिसतंय तोवर एक घाट नीट उतरायचाय मला.”

थोरला लगेच हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने नवी फाइल उघडली आणि इथेच सगळं फिसकटलं.

काम त्याने चोख केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. कॅबिनेटचं झाकण काढून आठ वर्षांची धूळ झटकली, आतली जागा फूटपट्टीने मोजली. पॉवर सप्लाय जुना आणि दुबळा, म्हणजे वेगळी वायर न लागता स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड हवं. डबा अरुंद, म्हणजे एकाच पंख्याचं आखूड कार्ड हवं. प्रोसेसर म्हातारा, म्हणजे महागडं कार्ड घेणं हे बैलगाडीला विमानाचं इंजिन लावण्यासारखं. चार दिवसांत त्याने बाजारातल्या ढीगभर कार्डांमधून नेमकं एक शोधून काढलं. मुलाने फोनवर वाहवा केली. थोरल्याने घरी येऊन सांगितलं, दुकानदार म्हणतो कार्डाबरोबर ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअरही टाकावं लागतं, तर धाकटा म्हणाला, ड्रायव्हर घरात आहे आणि फुकट आहे. त्या दिवशी थोरला, त्याची बायको आणि धाकटा तिघंही पोट धरून हसली.

पहिल्या दुकानाने भाव दिला. दुसऱ्याने त्याहून कमी दिला आणि वर म्हणाला, हेच कार्ड कोणीतरी महिनाभर वापरून परत केलंय, आज न्या, निम्म्यात देतो. थोरल्याने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, वॉरंटी नाही म्हणून काउंटरवर परत ठेवलं. तिसऱ्या दुकानाचा मालक गावाला गेला होता, आठवड्याने येणार होता. थोरला थांबला. तो आला तेव्हा त्याने कानात सांगितलं की दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय, मग जुन्याचा भाव कोसळेल. थोरला आणखी थांबला, आणि मॉडेल लांबलं तसा आणखी थांबला.

“अहो, अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” बायको एकदा वैतागून म्हणाली. तिने जाऊन आणते म्हटलं तर त्याने फाइल कपाटात कुलूपबंद केली. वर्ष आहे अजून, तो म्हणाला. माल पुरवणाऱ्या कोणाच्याही तारखेवर ज्याने जन्मात विश्वास ठेवला नाही, तो डॉक्टरांनी अंदाजाने सांगितलेल्या वर्षावर मात्र विसंबून राहिला. धाकटा अधूनमधून विचारायचा, काय म्हणतंय कार्ड? मग विचारेनासा झाला.

पाचव्या महिन्यात एका सकाळी धाकट्याने चहा कपाच्या बाजूला ओतला. वहिनीने टेबल पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. थोरला तसाच उठला आणि दोन तासांत कार्ड घेऊन आला. भाव उतरला होता, नवंकोरं होतं, वॉरंटी तीन वर्षांची. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्याने झाकण उघडून कार्ड स्लॉटमध्ये बसवलं, स्क्रू आवळला. मुलाने फोनवरून एकेक पायरी सांगितली. बोट जराही चुकलं नाही.

गेम सुरू झाला आणि थोरला पाहतच राहिला. झाडांच्या सावल्या रस्त्यावरून सरकत होत्या, खाली दरीत नदी चमकत होती, समोरच्या काचेवर ऊन पडलं होतं. आपला भाऊ तीस वर्षं हे बघत होता, हे त्याला आज कळलं. धाकट्याने कळफलक चाचपून बोटं ठेवली आणि गाडी हलवली.

“दिसतंय का?” थोरल्याने विचारलं.

“नाही रे. उजेड आहे एवढं कळतंय. पण गाडी अडखळत नाही आता. आवाज सलग येतोय बघ.”

पहिल्याच वळणावर गाडी कठड्याला धडकली. धाकट्याने बोटं उचलली.

“मी तेव्हाच आणायला हवं होतं,” थोरला म्हणाला. “तिसऱ्या दुकानाची वाट बघायला नको होती.”

धाकटा उभ्या आयुष्यात थोरल्याला कधी उलटून बोलला नव्हता. आत्ताही तो ‘जाऊ दे रे दादा’ म्हणेल, म्हणून थोरला थांबून राहिला. ते ऐकायची त्याला फार गरज होती.

“हो,” धाकटा म्हणाला. “नको होती.”

आवाजात राग नव्हता. उभ्या गाडीचं इंजिन घरघरत होतं. मग धाकट्याने कळफलक सरकवून भावापुढे केला.

“तू चालव. मी सांगतो ब्रेक कधी मारायचा ते. पण पुढे काय आहे ते तू मला सांगत जा.”

थोरल्याने जन्मात गाडी चालवली नव्हती. त्याने जपून बटण दाबलं आणि गाडी उताराला लागली.

“वळण येतंय,” तो म्हणाला.

“कुठल्या अंगाला?”

थोरल्याचे डोळे भरून आले होते. त्याला काही केल्या रस्ता दिसेना.

“दादा, कुठल्या अंगाला?” धाकट्याने पुन्हा विचारलं.