आईच्या चादरीचे दोन पट्टे

एर्सीलियाच्या मते त्या डोंगराळ गावात कपडे धुता येणारी बाई एकच उरली होती, आणि ती कोण हे वेगळं सांगायला नको. बाकीच्या सगळ्या नुसत्या मशीनचं बटण दाबणाऱ्या. तिच्या नातीची होणारी सासू दोमितिल्ला तर पांढऱ्या कपड्यांत सरळ बाटलीतलं ब्लीच ओतायची.

"ब्लीच!" एर्सीलिया नाक मुरडायची. "त्यापेक्षा कपाटात उंदीर सोडा की. निदान त्यांचं पोट तरी भरेल."

पण तिचा खरा राग होता तो धाकट्या बहिणीवर, नुन्झियातावर. आईनं स्वतःच्या लग्नासाठी घरच्या अळशीच्या देठांचं सूत कातून एक चादर विणली होती. माग अरुंद, म्हणून दोन लांब पट्टे विणून मधोमध शिवलेले. आई गेल्यावर ती चादर कुणी ठेवायची यावरून बहिणींची अशी जुंपली, की शेवटी मधली शिवण उसवली आणि एकेक पट्टा काखोटीला मारून दोघी आपापल्या घरी चालत्या झाल्या. तेव्हापासून चर्चमध्येसुद्धा दोघी दोन टोकांना बसत.

एर्सीलियानं आपला पट्टा कधी अंथरला नाही. त्यावर झोपायचं म्हणजे काय! दर मे महिन्यात ती ओकच्या लाकडाची राख पाण्यात उकळायची, ते कढत पाणी पट्ट्यावर पुन्हा पुन्हा ओतायची आणि मग तो ओढ्याकाठच्या हिरवळीवर पसरायची. वाळला की पाणी शिंपडायचं, पुन्हा उन्हात. असा महिनाभर. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून म्हणत, "काय गं बाई पांढरंशुभ्र!" त्यावर ती उत्तरसुद्धा द्यायची नाही. असल्यांच्या कौतुकाला कोण विचारतो, असं तोंड करून उभी राहायची आणि घरी जाताना तेच शब्द मनात घोळवत जायची.

आणि नुन्झियाता? ती बया विधवा झाल्यापासून आपला पट्टा एकटीच्या पलंगावर घालून खुशाल झोपत होती. आईची चादर, आणि वापरायची कशी, तर गोणपाटासारखी!

नातीचं, लाविनियाचं, लग्न ठरलं तेव्हा ती आजीपाशी येऊन बसली. "आजी, माझ्या पलंगावर पणजीची चादर हवी. अख्खी. मी मावशीआजीलाही विचारलंय."

लग्नाआधी दोन्ही घरच्या बायकांनी जमून नवरा-नवरीचा पलंग सजवायचा, ही गावची रीत. सगळ्या गावाचे डोळे त्या पलंगावर. एर्सीलिया लगेच हो म्हणाली. पडू देत दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी. आईच्या वस्तूची किंमत कुठल्या लेकीला होती, ते एकदा सगळ्यांना दिसू दे.

पलंग सजवायच्या आदल्या दिवशी नुन्झियाता पट्टा घेऊन आली. सायीच्या रंगाचा, कोपऱ्यात एक फिकट डाग.

"हे काय आणलंस? पलंगावर घालायचंय, भट्टी नाही पुसायची," एर्सीलिया म्हणाली. इतक्या वर्षांनी बहिणीशी ती पहिल्यांदा बोलली, ते हे.

"धुतलंय गं. थंड पाण्यात भिजत घातलं, साध्या साबणानं हलक्या हातानं चुबकलं, सावलीत वाळवलं. डाग निघाला नाही, मग नाद सोडला."

"नाद सोडला म्हणे! राखेच्या पाण्यात घालायचं होतंस."

"म्हातारं कापड आहे, एर्सी. त्याला आता ते सोसत नाही."

"कापडाला सगळं सोसतं. आळशी बाईच्या हातांना सोसत नाही."

नुन्झियातानं सुईत दोरा ओवला आणि दोन्ही पट्टे जोडून दिले.

दुसऱ्या दिवशी खोली बायकांनी गच्च भरली. चादर अंथरली आणि सगळ्यांच्या माना एर्सीलियाच्या बाजूला वळल्या. तिचा पट्टा लखलखत होता आणि दुसरा त्याच्या शेजारी पार कळकट दिसत होता. "बघा!" एवढंच ती म्हणाली. नुन्झियातानं मान खाली घातली. एर्सीलियाला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

चादरीवर सुरकुती राहिली तर संसारात कटकट राहते, असं तिथे मानतात. म्हणून चौघींनी चार कोपरे धरले. "ओढा," एर्सीलिया म्हणाली. "अगं, जेवला नाहीत का? जोरात ओढा!"

चर्रर्र आवाज झाला आणि तिचा पांढराशुभ्र पट्टा उशापासून पायथ्यापर्यंत फाटला.

बायकांनी छातीवर क्रूस काढले. दोमितिल्लाच्या हातातले, पलंगावर उधळायला आणलेले साखरेचे बदाम जमिनीवर सांडले. "सजवतानाच पलंग फाटला! देवा, माझ्या पोराचं आता काय होणार? छे, हे लग्न पुढे ढकला. मी नाही ऐकायची."

दारात उभी असलेली लाविनिया पार पांढरीफटक पडली. "आजी?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

नुन्झियाता पुढे झाली. "माझी शिवण घट्ट बसली असेल. ओढ बसली. चूक माझी आहे, अपशकुन वगैरे काही नाही."

सगळ्या नुन्झियाताकडे बघायला लागल्या. एर्सीलियानं आता नुसतं गप्प राहिलं की झालं. गावानं चार दिवस नुन्झियाताला नावं ठेवली असती आणि विसरून गेलं असतं. पण दोमितिल्लाच्या डोळ्यांतली शंका गेलेली नव्हती, आणि ती शंका उद्या लाविनियाच्या घरात तिच्याबरोबर राहायला जाणार होती.

"तू गप्प बस!" ती बहिणीवर खेकसली. "आणि तुमचे सगळ्यांचे डोळे फुटलेत का गं? शिवण आहे तिथेच आहे. अपशकुन कसला डोंबलाचा! हे कापड कधीच मेलंय. मी मारलंय. दरवर्षी राखेत उकळलं, उन्हात भाजलं, कशासाठी, तर तुम्ही पांढरं म्हणावं म्हणून. तुम्ही! ज्यांना धड रुमाल धुता येत नाही!"

तिनं उरलेल्या पांढऱ्या कापडात बोट घातलं. आरपार गेलं. दुसरीकडे घातलं, तिकडेही गेलं. मग ती चिंधी तिनं दोमितिल्लाच्या हातात कोंबली. "ओढ. ओढून बघ, म्हणजे खात्री पटेल."

दोमितिल्लानं दोन बोटांनी ओढलं. कापड आवाजही न करता सुटलं.

"पटलं? मग सांडलेले बदाम उचल." एर्सीलियाचा आवाज चिरकत होता, पण ती थांबली नाही. "नुन्झियाता, तुझा पट्टा उसवून मधोमध घाल. आणि लाविनिया, रडू नकोस. तुझ्या संसाराला काही झालेलं नाही. मूर्ख तुझी आजी आहे."