टिकलीच्या आईची गाठ

मित्रांनो, मी गालिचे विणायचा एक जुना माग आहे. सुताराने माझी बसायची फळी मोठ्या माणसांच्या मापाने बसवली होती. पुढे मालकाने ती उंच करून घेतली, कारण माझ्यापुढे बसणारी माणसं ठेंगणी होऊ लागली होती.

टिकली त्यांतलीच. नऊ वर्षांची पोर, आईला खेटून दिवसभर गाठी मारायची. नखांत लोकर, छातीत खोकला. गालिच्याची सगळे वाहवा करत, पण तो खोकला ऐकून माझं लाकूड आतून पिळवटून निघे.

एके दिवशी धावपळ उडाली. "बाई आल्या!" मालकाने मुलांना घाईघाईने लोकरीच्या खोलीत कोंडलं. बाई अर्थशास्त्राच्या अभ्यासक होत्या. गरीब घरांतली मुलं कामाला का जुंपली जातात, याचा शोध घेत त्या गावोगाव फिरत. त्या टिकलीच्या आईशी बोलत होत्या, तेवढ्यात आतून खोकला आला.

"मांजर असेल," मालक म्हणाला.

"मग त्याला औषध द्यायला हवं. दार उघडा."

मुलं बाहेर आली तसा मालक उसळला, "हौस म्हणून ठेवतो का यांना? लहान बोटांशिवाय बारीक गाठ बसत नाही!"

"मायलेकींना शेजारीशेजारी विणू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाठ फिरवा आणि मग ओळखा, कुणाचं काम कुठलं."

ताणलेल्या दोऱ्यांतून मला आईची घालमेल कळत होती. ती जिंकली तर टिकलीची मजुरी बुडणार होती, हरली तर पोर इथेच झिजणार होती. तिने पहिली गाठ मुद्दाम सैल सोडली. शेजारी टिकली पुन्हा खोकली. आईने ती गाठ सोडवली आणि करकचून आवळली.

मालकाने दोघींच्या गाठी चाचपल्या, मागच्या बाजूनेही पाहिल्या. शेवटी आईच्या कामावर बोट ठेवून म्हणाला, "ही पोरीची."

कुणीतरी फिसकन हसलं. आई मात्र हसली नाही. "बाई, तुमचं खरं ठरलं. पण उद्या माझी चूल कशी पेटायची?"

बाईंचा चेहरा उतरला. त्या मालकाकडे वळल्या. "हिची गाठ इतकी बारीक आहे, तर मजुरी इतकी थोडी का?"

एकेका मागावरचे हात थांबले. गालिचा त्याच आठवड्यात पोचवायचा होता. कपाळावरचा घाम पुसत मालक पुटपुटला, "वाढवतो. विणा आता!"

टिकली शाळेत जाऊ लागली. पलीकडच्या मागावरची दोन भावंडं मात्र अजून येतात. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेत आणि आईच्या वाढलेल्या मजुरीतही त्या घराचं भागत नाही. त्या दिवशी जाताना बाई त्या भावंडांपाशी फार वेळ बसल्या होत्या.

मित्रांनो, मऊ गालिच्यावर पाऊल ठेवाल तेव्हा तो मुलांनी विणलाय का, हे जरूर विचारा. पण तिथेच थांबू नका. त्यांच्या आईच्या मजुरीत घर चालतं का, तेही विचारा. मी तर नुसतं लाकूड. विचारायचं तुम्हालाच आहे.