पान त्रेचाळीस

पुस्तक लिहायची दुर्बुद्धी शालिग्रामला कुठून झाली, हे त्याच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईला, अजून उमगलेलं नाही. निवृत्त माणसानं सकाळी फिरावं, दुपारी घोरावं, संध्याकाळी भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर करावी. हे सोडून हा बाबा दोन वर्षं वह्या काळ्या करत बसला. सव्वीस वर्षं तो आमदार नारायणरावांचा पीए होता. साहेब निवडून आले तेव्हाही आणि पडले तेव्हाही, त्यांच्या दालनाबाहेर स्टुलावर बसलेला माणूस हाच. म्हणून पुस्तकाचं नाव ‘दालनाबाहेरचं स्टूल’. साहेब वारले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि महिन्याभरात मेहकरच्या छापखान्यातून गठ्ठे त्याच्या गावात, दुसरबीडात, येऊन पडले. तेव्हापासून घराला शांतता म्हणून नाही.

एकशे नव्वद पानांचं पुस्तक. त्यात काय नव्हतं! सभा, बंडखोऱ्या, सकाळी एका पक्षात आणि जेवणाच्या वेळेला दुसऱ्या पक्षात गेलेली माणसं. शालिग्रामला वाटलं होतं, लोक ते चवीनं वाचतील. कसलं काय. गावानं वाचलं ते एकच पान, त्रेचाळिसावं.

त्या पानावर शिफारसपत्रांची गोष्ट होती. कोणालाही रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा साहेबांचा नेम. आला तो माणूस पत्र घेऊनच जायचा. कागद तोच, मजकूर तोच, शिक्का तोच. फरक असायचा तो सहीच्या शाईत. हिरव्या शाईची सही म्हणजे काम कराच. निळी सही म्हणजे पत्र वाचा, चहा पाजा आणि वाटेला लावा. पत्र ज्यांच्याकडे जायचं त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पत्र नेणाऱ्याला; तो ते दाखवायचा आणि मानाचं म्हणून घरी परत आणायचा. आणि शेवटी शालिग्रामनं मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, ‘पेन देणारा मी होतो, पण कोणतं पेन हे ठरवणारे साहेब.’

झालं! गाव ट्रंका उघडून बसलं. लग्नाच्या शालूखालून, देवाच्या फोटोमागून, दागिन्यांगत जपलेली पत्रं बाहेर आली. किसनरावाच्या पत्रावर निळी सही निघाली. खरं तर त्याचं काम तेव्हा झालं होतं, विहिरीवर वीज आली होती. पण म्हणून काय झालं? तो भर चौकात ओरडला, “साहेबाच्या ताटात जेवला अन् मेल्यावर त्याच ताटात थुंकला! जिता असताना काऊन नाई लिहिलं बे?” उलट हॉटेलवाल्या निवृत्तीच्या पत्रावर हिरवी सही होती आणि काम मात्र काडीचं झालेलं नव्हतं. तरी तो खूश. जालना रस्त्यावरच्या आपल्या हॉटेलात त्यानं ते पत्र गल्ल्याच्या वर चिकटवलं आणि येईल त्याला सांगू लागला की खरं लिहायला छाती लागते. मेहकरच्या एका निवृत्त गुरुजींनी चार पानी पत्र लिहिलं, भाषा गोड आहे पण माणूस कडू वाटतो. देऊळगाव राजाहून कोण्या पोरीचा फोन आला, काका, एका बैठकीत वाचलं, काय धाडस आहे तुमचं.

शिव्यांनी शालिग्रामचं काही बिघडत नव्हतं. आमदाराच्या पीएनं सव्वीस वर्षांत दुसरं खाल्लं काय होतं? आणि कौतुकानं पोट भरत नव्हतं. त्याचा जीव अडकला होता तो पंजाबरावात.

पंजाबराव म्हणजे पहिलीपासूनचा सोबती. भाजीपाल्याचा मळा, तोंडानं फाटका, मनानं सरळ. दोघं रोज चार वाजता निवृत्तीच्या हॉटेलात बसायचे. साहेबांच्या दौऱ्याचे दिवस सोडले तर पन्नास वर्षांत हा चहा चुकला नव्हता. पुस्तक आल्यापासून पंजाबराव फिरकला नाही. अठरा दिवस झाले. निवृत्ती सवयीनं दोन कप ठेवायचा आणि एक उचलून न्यायचा.

पंजाबराव का येत नाही, हे शालिग्रामला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या घराच्या पडवीत, दाराशेजारीच, साहेबांचं पत्र काचेच्या फ्रेममध्ये टांगलेलं होतं. वीस वर्षांपूर्वीचं. पंजाबरावाची मुलगी निशिगंधा नुकतीच डी.एड. झाली होती, आणि एका संस्थेच्या शाळेत शिक्षिकेची एकच जागा निघाली होती. शालिग्रामनंच ते पत्र मित्राच्या हातात ठेवलं, वर म्हणाला होता, “आता बिनघोर झोप.” पंजाबराव खरंच बिनघोर झोपला. नोकरी लागली नाही. तरी पत्र भिंतीवर राहिलं. साहेबांनी आपल्यासाठी शब्द टाकला, हा मान काय कमी होता?

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी साहेबांनी काहीच ठरवलं नव्हतं. साहेब फोनवर होते. कोणाचं पत्र, कशाचं पत्र, बघितलंसुद्धा नाही. नुसता हात पुढे केला पेनासाठी. शालिग्रामच्या खिशात दोन पेनं होती आणि पुढ्यात त्याच एका जागेसाठी दोन पत्रं. एक निशिगंधाचं. दुसरं रुपालीचं, म्हणजे अन्नपूर्णाबाईच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं. एका जागेला दोन हिरव्या सह्या जात नसत. गेल्या तर पुढच्या वेळेला हिरव्याला कोणी विचारत नसे. रुपालीच्या नोकरीवरून घरी आठ दिवस बायकोचा अबोला चालला होता. त्यानं रुपालीच्या पत्राला हिरवं पेन दिलं आणि मित्राच्या पत्राला निळं. दोन मिनिटांचं काम. पुस्तकात एकशे नव्वद पानं लिहिली त्यानं, ही दोन मिनिटं लिहिली नाहीत.

एकोणिसाव्या दिवशी त्याला राहवेना. चार वाजता हॉटेलाकडे न वळता तो सरळ पंजाबरावाच्या घरी गेला. वाटेत मनाशी घोकत होता, आज सांगून टाकायचं. शिव्या दिल्या तर खायच्या, हाकललं तर निघून यायचं. पण सांगायचं.

पंजाबराव पडवीतच बसला होता. फ्रेम भिंतीवरून उतरवलेली, काच बाजूला काढलेली, पत्र मांडीवर. मागच्या भिंतीवर निशिगंधाचा फळा होता, त्यावर नऊचा पाढा. ती तिथेच शिकवणी घ्यायची. नोकरी लागली की लग्न करू, असं म्हणता म्हणता तिचं लग्न राहून गेलं होतं. मग आई गेली, आणि ती बापापाशीच राहिली.

“ये बे, पीए,” पंजाबराव म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे शालिग्राम आणखीच घाबरला. “तुह्यीच वाट पाहून राह्यलो. म्हटलं पाहू, कधी येते.”

“तूच येऊन नाई राह्यला हॉटेलात.”

“काय तोंड घेऊन येऊ? आधी याचा निकाल लागू दे.” त्यानं पत्र पुढे केलं. “पाह्य. वीस वर्सं सकायचं ऊन खाल्लं यानं. सही उडाली सारी. चष्मा लावून पाह्यली, अंगणात नेऊन पाह्यली. ना हिरवी दिसते ना निळी.”

शालिग्रामनं पाहिलं. साहेबांच्या नावाची एक करडी रेघ तेवढी उरली होती.

“किसन म्हन्ते, निळीच असंन. चौकात भांडलो मी त्याच्यासंग. म्हटलं, अबे, पेन देनारा शाल्या होता. तो मले निळा पेन देईन? साहेब निळी म्हन्ला असता तरी यानं हिरवाच देल्ला असता. खोटं आहे का?” पंजाबरावानं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. एवढ्याशा पोरासारखं पाहिलं. “सांग ना बे. कोन्ती होती?”

घोकलेलं सगळं जिभेवर होतं. त्याच वेळी निशिगंधा चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. शालिग्रामनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा तिच्या बापाकडे. हे डोळे आपल्याकडे पुन्हा असे कधी बघणार नाहीत, एवढंच त्याच्या मनात आलं. पन्नास वर्षांचा चार वाजताचा चहा समोर दिसला. माणूस हरला.

“हिरवी,” तो म्हणाला. “हिरवीच होती, पंजाब्या.”

“हां!” पंजाबरावानं मांडीवर अशी थाप मारली की कागद खाली पडला. “मी म्हन्लो नव्हतो? अरे, माह्या दोस्तानं...” त्यानं उपरण्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग लेकीकडे वळला. “आयकलं का निशे? साहेबानं हिरवी सही देल्ली. यानं सोताच्या हातानं हिरवा पेन देल्ला. सारं ताट वाढून ठेवलं होतं अन् तू त्या मुलाखतीत तोंडाले कुलूप लावून बसली! वीस वर्सापासून सांगून राह्यलो, चूक तुह्यी होती. आता तरी पटलं?”

शालिग्रामनं खाली पडलेला कागद उचलला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सही हिरवी ठरली की नोकरी घालवणारं कोणीतरी लागणार, आणि घरात दुसरं होतं कोण?

“हो बाबा,” निशिगंधा म्हणाली. “माह्यंच चुकलं.”

तिनं दोघांना कप दिले. साखर बरोबर पडली का, तेही विचारलं. पंजाबरावाला कुठला चहा! तो फोन लावून किसनरावावर ओरडत होता, “आता बोल! हिरवी निघाली, हिरवी! खुद्द शाल्या सांगून राह्यला इथ बसून!”

निशिगंधा शालिग्रामला सोडायला फाटकापर्यंत आली. एरवी कधी येत नसे. फाटकाची कडी धरून ती म्हणाली, “काका, पुस्तक मी दोनदा वाचलं. चांगलं लिहिता तुम्ही.”

“निशा, बेटा...”

“निळी होती. मीच घेऊन गेली होती ना ते पत्र संस्थेत. तिथल्या बाबूनं पाह्यलं अन् म्हन्ला, ताई, निळी आहे, कायले बसता उन्हात? हिरवीवाली पोरगी काल येऊन गेली. भला मानूस होता. निळी म्हन्जे काय तेही त्यानंच सांगतलं. अन् हिरवी कोनाची, तेही समजलं मले. रुपालीताईच्या नोकरीचे पेढे तुमच्याच घरी खाल्ले होते आम्ही.”

वीस वर्षं ही पोरगी शालिग्रामला येता-जाता काका म्हणत होती, दिवाळीला फराळाचं ताट आणून देत होती.

“मंग बापाले काऊन नाई सांगतलं? त्याचं बोलनं काऊन आयकत राह्यली?”

“सांगून काय झालं असतं? नोकरी तं गेलीच होती. तुम्ही दोघं तुटले असते. चार वाजता बाबा कुठं गेला असता, काका?”

घरातून पंजाबरावाचं हसू ऐकू येत होतं. शालिग्राम वळला. “मी आत्ता आत जातो. आत्ता सांगतो त्याले सारं.”

निशिगंधानं कडी सोडली नाही. “आता नका सांगू. पुस्तकात लिहिलं असतं तं बाबा रडला असता, पन माह्यावरचं बोलनं उतरलं असतं. मी तेच पाहत होती पानं उलटून. आता तुम्ही त्याच्या तोंडावर हिरवी म्हन्ले. आता सांगसान तं तो आजचंही खोटं पाहीन अन् तवाचंही. झेपनार नाई त्याले, सत्तरीचा झाला तो. जा तुम्ही. मले सवय आहे.”

ती रागावली असती, रडली असती, तर शालिग्रामला सोपं गेलं असतं. ती फळा पुसायला आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ठीक चारला पंजाबराव हॉटेलात हजर. निवृत्तीनं दोन कप ठेवले आणि या वेळी दोन्ही तिथेच राहिले. पंजाबरावानं चौकात कोणाकोणाची कशी जिरवली ते रंगवून सांगितलं. मग पुस्तकाची प्रत पिशवीतून काढली, पान त्रेचाळीसवर बोट ठेवलं.

“दुसऱ्यांदा छापून राह्यले म्हन्तात?”

“हो. मेहकरहून फोन होता सकाळी. काही बदल असंन तं आठ दिवसात कळवा म्हन्ले.”

“मंग इथ माह्यं नाव टाक. लिही, दुसरबीडच्या पंजाबरावाले हिरवी सही भेटली होती. अन् खरं तेच लिही, बापा, काही झाकू नोको. नोकरी पोरीच्या चुकीनं गेली, साहेबाच्या नाई अन् तुह्या तं नाईच नाई. लोकाले समजू दे. लिहिशीन ना?”

शालिग्रामनं कप उचलला, पुन्हा बशीत ठेवला. समोर मित्राचा चेहरा आनंदानं फुलला होता. पन्नास वर्षांत त्यानं स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

“लिहितो,” तो म्हणाला.

निशिगंधा तेही दोनदा वाचणार होती.