साखरेचा डबा आणि पितळी लोलक

नोएडाच्या त्या नव्या सेक्टरात अर्ध्या इमारतींना अजून परांच्या होत्या, पण कम्युनिटी हॉल तयार होता आणि खचाखच भरला होता. दोनेकशे माणसं उजवा हात पुढे धरून बसलेली. प्रत्येकाच्या चिमटीत दोरा, दोऱ्याला पितळी लोलक. कुणी हात हलवताना दिसत नव्हतं, तरी लोलक झुलत होते. पुढच्या रांगेतल्या एक बाई तर रडू लागल्या.

"सोचिए मत, सिर्फ पूछिए," स्वतःला संकल्पगुरू म्हणवणारे गृहस्थ स्टेजवरून सांगत होते. "आगे-पीछे मतलब हाँ, दाएँ-बाएँ मतलब ना. हाथ आपका, जवाब ब्रह्मांड का. मेहनत तो गधा भी करता है, साहब."

टाळ्या पडल्या. नवे फ्लॅट, नव्या गाड्या, तसा बुवाही नवा. कफनी सोडून त्याने टाय बांधला होता. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, ती हे बघायला. उठून घरी जावंसं वाटत होतं, पण शेजारी माझा भाचा सुजय डोळे विस्फारून आपल्या लोलकाकडे बघत होता. वाशीमहून आलेला, माझ्याकडे राहून यूपीएससीसाठी करोल बागेत क्लासला जाणारा. यंदाचा प्रयत्न शेवटचा. आणि या लोलकाच्या सल्ल्याने त्याने अर्थव्यवस्थेचा अख्खा भाग सोडून दिला होता.

घरी येऊन मी चहाचं आधण ठेवलं.

"ज्यात दरवेळी मार खाल्लास, नेमका तोच भाग ब्रह्मांडाला नको झाला का रे?"

"मावशी, तू चिडवतेस. मी हात हलवत नाही. आईशप्पथ."

"ठाऊक आहे. आता चहाला साखर हवीय. कुठल्या डब्यात आहे, विचार त्याला."

मी तीन सारखे स्टीलचे डबे ओट्यावर मांडले. आमच्याकडे साखर नेहमी मधल्या डब्यात असते, रोज तोच काढतो. पहिल्या डब्यावर लोलक आडवा झुलला, मधल्यावर मोठ्या ऐटीत पुढे-मागे, म्हणजे हो, तिसऱ्यावर पुन्हा आडवा.

"देखो," सुजय हसला.

"उघड."

आत रवा होता. सकाळीच मी साखर तिसऱ्या डब्यात भरून ठेवली होती. मग मी लोलकाचा दोरा खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्याला बांधला, खिडकी लावून घेतली आणि म्हटलं, आता विचार. त्याने विचारलं. लोलक ढिम्म.

"खिळ्याला मन कुठे असतं, मावशी?"

"बरोबर. म्हणजे उत्तर मनातलं, लोलकातलं नाही. आपल्याला जे वाटतं, ज्याची भीती वाटते, त्याने बोटं अगदी बारीक हलतात, आपल्यालाही न कळत. पाळणा कसा एका बोटाच्या ठेक्यावर झुलत राहतो, तसंच हे. यात ब्रह्मांड नाही. तू आहेस."

चहा उतू गेला. सुजयने उठून गॅस बंद केला.

"म्हणजे अर्थव्यवस्था नको, हे मीच म्हणत होतो."

"हो."

"मला ती जमत नाही, मावशी. पुस्तक उघडायचीच भीती वाटते."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. माझा राग कुठल्या कुठे गेला, नुसतं वाईट वाटलं.

"मग भीत भीतच उघड," मी म्हटलं. "मलाही त्यातलं फारसं येत नाही. सकाळी दोघं बसू."

बसलो. पास झाला का, असं सगळे विचारतात. नाही झाला. पण अर्थव्यवस्थेचे प्रश्न त्याने कोरे सोडले नाहीत, आणि आता तो राज्यसेवेची तयारी करतोय. यशाची हमी मी देत नाही. ती देणारे नोएडात दर रविवारी भेटतात. मी एक दमलेली शिक्षिका, एवढंच सांगते: कुणी चमत्कार दाखवला तर आधी डबा उघडून बघा, आणि आपल्या भीतीला ब्रह्मांडाचं नाव देऊ नका.

लोलक अजून त्या खिळ्यालाच आहे. पंखा लावला की हलतो.